गुरुवारचं गोड

गुरुवार, १५ एप्रिल

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "नोएलीन, राग आला की क्लेमवर ओरडण्याऐवजी वहीत लिहीत जा, रक्तदाब ताळ्यावर राहील." म्हणून ही वही. आज लिहायला भरपूर आहे.

दर गुरुवारी फुटबॉलचा सराव संपला की क्लबात सगळं गाव जेवतं. मटण कोण शिजवणार, बटाटे कोण सोलणार हे दर आठवड्याला बदलतं. गोड मात्र माझं. माझा धाकटा खेळायला लागला तेव्हापासून माझं, आणि तो आता पर्थमध्ये टकला होऊन बसलाय. इतकी वर्षं कुणी ब्र काढला नाही. आज डल्सी (क्लबाचं स्वयंपाकघर तीच चालवते, आणि गावही) म्हणाली, "नोल, पिपपण काहीतरी गोड आणते म्हणतेय. तुला तेवढाच आराम."

आराम मी मागितला होता का?

ही पिप म्हणजे पोस्टात बदलीवर आलेली. अ‍ॅडलेडची. क्लबाशेजारचं घर भाड्याने घेतलंय. नाव फिलिपा, पण गावात येऊन दोन महिने झाले नाहीत तोच सगळ्यांची पिप झाली. मला लग्न करून इथे आल्यावर 'नोल' व्हायला सहा वर्षं लागली होती.

तिने आणलं काय, तर पीचच्या फोडींचे दोन डबे फोडले, वर बिस्किटांचा चुरा, लोणी आणि खोबरं पसरून ओव्हनमध्ये घातलं. "दहा मिनिटांचं काम!" असं चार जणांना हसत हसत सांगत होती. दहा मिनिटांत केलेलं पोरांना खाऊ घालायचं आणि वर सांगायचं! पोरांनी ट्रे चाटून पुसून ठेवला. माझं चॉकलेट पुडिंग निम्मं उरलं.

माझ्या नवऱ्याने, क्लेमने, तिचं दोनदा घेतलं. मी मोजत नव्हते, दिसलं.

बुधवार, २१ एप्रिल

गावातलं दुकान अखेर बंद झालं. म्हातारा-म्हातारी थकले, मुलं यायला तयार नाहीत. आता दूध-पिठासाठी तासभर गाडी हाकायची. बायका रडकुंडीला आल्यात. मी नाही. माझं सामानाचं कपाट बघून जा म्हणावं. मैदा, साखर, सिरपचे डबे, कंडेन्स्ड मिल्क, कस्टर्डची पूड, सुकं खोबरं, तांदूळ, बेदाणे. फळीला फळी लागून. दुष्काळात सासूबाईंनी शिकवलं, घरात असेल त्यातून गोड झालंच पाहिजे. पिपच्या कपाटात काय असणार? डबे फोडायचं यंत्र.

फक्त उंदरांनी वात आणलाय. यंदा पीक चांगलं म्हणून त्यांचाही सुळसुळाट. काल मैद्याच्या पिशवीला भोक सापडलं. क्लेमला म्हटलं, डांबराच्या गोळ्या आण. आणल्या. मी एकेका फळीवर मूठभर ठेवल्या.

सोमवार, २६ एप्रिल

गोळ्या अगदीच टुकार निघाल्या. पूर्वी नुसतं कपाट उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. ह्यांना मेला वासच नाही. मार्चमधली सर्दी अजून थोडी आहे, पण तरी. कपाटासमोर उभी राहून चांगला दीर्घ श्वास घेतला, काही नाही. आजकाल सगळ्यातच भेसळ. क्लेमला आणखी दोन पाकिटं आणायला सांगितली तर म्हणाला, "नोल, पुरेत की गं. मला तर शेडपर्यंत वास येतोय."

ह्याला काय, कुणाच्या घरी पीच शिजले तरी शेडपर्यंत वास येईल. पाकिटं मी स्वतःच आणली. थोड्या गोळ्या मैद्याच्या डब्याच्या झाकणाखालीही खोचल्या.

गुरुवार, ६ मे

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही.

मी भाताची खीर केली होती, कंडेन्स्ड मिल्क आणि बेदाणे घालून, वर खोबरं. ती केली की एके काळी रांग लागायची. आज पोरांनी एकेक चमचा घेतला आणि वाट्या टेबलाखाली सरकवल्या. डल्सी म्हणाली, "आज सगळ्यांचं पोटच भरलंय." पोट भरलेल्या त्याच पोरांनी पिपचं लिंबू-कंडेन्स्ड मिल्कचं ते पांढरं काहीतरी बोटांनी निपटून खाल्लं.

गावाला नवी बाई मिळाली की जुनीच्या हातची चव जाते, दुसरं काय. ती सगळ्यांशी हसते, पाकिटावर तिकीट लावतानासुद्धा हसते. मी कुणाशी विनाकारण हसत नाही. पण एवढी वर्षं ह्यांच्या पोरांना मी वाढवलंय.

घरी आल्यावर क्लेम कपाट उघडून उभा राहिला, पुन्हा बंद केलं. म्हणाला, "नोल, तुला खरंच कसला वास येत नाही?"

मी म्हटलं, "येतो ना. तुझ्या मोज्यांचा." खरं तर त्याचाही येत नव्हता, पण बोलायला काय जातं.

गुरुवार, १३ मे

मी जिंकले!

पाकातले गोळे केले. सोडा घातलेल्या मैद्याचे गोळे, लोणी, पाणी आणि गोल्डन सिरपच्या उकळत्या पाकात सोडायचे, झाकण ठेवायचं आणि वीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. इतकंच. पण ते 'इतकंच' सगळ्यांना जमत नाही. क्लेम आपणहून म्हणाला, "तुझे गुडघे दुखतात, ट्रे मी आधी पोचवतो, तू मागून डल्सीबरोबर ये." मला आश्चर्यच वाटलं. ह्याने आजवर स्वतःचा कप उचलला नाही.

ट्रे साफ! ब्रॉडी, आमच्या संघाचा कप्तान, तिसऱ्यांदा वाटी घेऊन आला आणि म्हणाला, "नोल, फॉर्म परत आला गं तुझा!" पिपचाही ट्रे संपला म्हणा. पण तिच्याकडे बघून मी मान हलवली, जिंकणारीने हलवावी तशी. ती गोड हसली. लागलं असणार मनाला.

क्लबात सगळ्यांचं गोड क्लबाच्याच स्टीलच्या ट्रेमधून जातं. सगळे ट्रे सारखे, वर फॉइल आणि फॉइलवर चिकटपट्टी लावून नाव. आज माझ्या नावाची पट्टी मी घरी आणून फ्रिजवर लावली.

गुरुवार, १० जून

एक गोष्ट लक्षात आली. इथून क्लब गाडीने पाच मिनिटांवर आहे. क्लेम ट्रे घेऊन साडेचारला निघतो आणि डल्सी सांगते की तो सव्वापाचला पोचतो. मधला वेळ कुठे जातो?

विचारलं. म्हणाला, "वाटेत एक मेंढी मेली होती, पुरत होतो."

मागच्या गुरुवारीही मेंढी मेली होती.

शुक्रवार, ११ जून

शेडच्या मागे जाऊन बघितलं. तीन-चार ठिकाणी माती खरंच उकरलेली आहे. पण मेंढीला पुरेल एवढा खड्डा एकही नाही. ससा पुरता येईल फार तर. कळपात मेंढी कमी आहे का विचारलं तर म्हणे, "तुला कधीपासून मेंढ्यांत रस?"

गुरुवार, १ जुलै

आज मी डल्सीला म्हटलं, लवकर निघू. क्लबाच्या मागच्या रस्त्याने जाऊ. आणि तिथेच होती, क्लेमची गाडी, पिपच्या फाटकात. तिच्या घराचं मागचं दार उघडं. तो तिच्या स्वयंपाकघरातून बाहेर येत होता, हातात ट्रे. माझा ट्रे! माझी चिकटपट्टी मला लांबूनही ओळखू येते. आणि ती दारात उभी, हात पुसत, त्याला काहीतरी सांगत. तो हसला. क्लेम. चाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात हा माणूस हसलेला मला आठवत नाही.

डल्सीने रस्त्याकडेच बघत गाडी चालवली.

माझा ट्रे तिला दाखवायला नेतो हा. "बघ, माझी बायको काय करते," असं म्हणत असेल. का उलट? "बघ, मला काय खावं लागतं"?

अंगाचा नुसता तिळपापड झाला. क्लबात माझं पुडिंग सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं, आणि मला एक घास गेला नाही.

शनिवार, ३ जुलै

सरळ विचारलं. "पिपकडे कशाला जातोस?"

त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "तिचा नळ गळतो."

"दर गुरुवारी?"

"जुनं घर आहे."

आमच्या न्हाणीघरातला नळ दोन वर्षं गळतोय.

रविवार, १८ जुलै

आरशात बघितलं. मग वाटलं, कशाला बघितलं. पिप माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. केसांचा रंग अजून तिचाच. पुरुषाला वश करायला तिला दहा मिनिटं आणि दोन डबे पुरतात.

दुसरं एक सतावतंय. क्लेम घरी माझ्या हातचं गोड खात नाही. डॉक्टरने बंद केलंय म्हणतो. पिपचं मात्र क्लबात चालतं.

गुरुवार, १९ ऑगस्ट

आज डल्सीने जाहीर केलं. पुढच्या वर्षीपासून गोडाची जबाबदारी एकीकडेच राहील, दोन ट्रे फार होतात. पुढच्या गुरुवारी दोघींनी एकच पदार्थ करायचा, पाकातले गोळे, आणि घरात असेल त्याच सामानातून. जिचा ट्रे आधी संपेल तिचे पुढचे सगळे गुरुवार.

पिप म्हणाली, "अगं, नोललाच देऊन टाका ना. स्पर्धा कशाला?"

दयाच आली म्हणे माझी! मी म्हटलं, "होऊन जाऊ दे."

क्लेम डोक्याला हात लावून बसला होता. त्याला काळजी कुणाची, ते मला बरोबर समजलं.

घरी येईपर्यंत विचार करून एक गोष्ट पक्की झाली. ह्या गावाला चव कळत नाही, नाव कळतं. तिचं नाव दिसलं की माणसं आधीच मिटक्या मारायला लागतात. माझ्या ट्रेवर 'पिप' लिहिलं तर बोटं चाटतील. आणि मग मी सगळ्यांसमोर उठून सांगेन की बाबांनो, हे माझं. बघू तेव्हा कोण हसतं.

गुरुवार, २६ ऑगस्ट

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गोळे असे फुगले की क्वचितच फुगतात. क्लेम चार वाजल्यापासून माझ्याभोवती घोटाळत होता. "नोल, मी नेतो ना. दर वेळी नेतो. गुडघे..."

"गुडघे ठीक आहेत. आज मीच नेणार."

"अगं, गरम आहे, सांडेल..."

"क्लेम, आज तुला तिचा नळ बघायला मिळणार नाही. बस घरी." गाडीची किल्ली सकाळीच मी एप्रनच्या खिशात टाकली होती. तो फाटकापर्यंत मागे आला. आरशात दिसत होता, हात वर करून काहीतरी ओरडत होता. मी काच वर केली.

क्लबात स्वयंपाकघर रिकामं होतं. पिपचा ट्रे ओट्यावर आधीच ठेवलेला. मी तिची पट्टी काढली, माझ्या फॉइलवर लावली. माझी तिच्यावर. मजा वाटली.

पोरं आली. अर्थात आधी पिपच्या नावावर तुटून पडली. मी भिंतीला टेकून उभी. ब्रॉडीने पहिला घास घेतला आणि तो तसाच वाटीत काढला.

"पिप! हे काय घातलंयस गं? आजीच्या ट्रंकेत तोंड घातल्यासारखं लागतंय!"

सगळे हसले. दुसऱ्याने घेतला, त्यानेही थुंकला. कुणीतरी म्हणालं, डांबरगोळ्या. कुणीतरी पाण्याचा जग मागितला. आणि माझ्या नावाच्या ट्रेपुढे रांग लागली.

मला वाटलं, ठरवून चाललंय. नाटक आहे. म्हणून मी दोन वाट्या घेतल्या, एक ह्यातली, एक त्यातली, आणि सगळ्यांकडे पाठ करून दोन्ही खाल्ल्या. ही गोड. तीही गोड. हीही मऊ, तीही मऊ. दोन्ही गरम. पुन्हा घेतला घास. काही फरक नाही. डोळे मिटले असते तर कुठला माझा ते सांगता आलं नसतं.

ब्रॉडी चांगला मुलगा आहे. तो असं नाटक करणार नाही.

तेवढ्यात पिप आली. तिने तिच्या नावाच्या ट्रेमधून एक चमचा घेतला. चावला. गिळला. दुसऱ्या ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलणार.

"माझंच चुकलं रे पोरांनो," ती म्हणाली, "मैदा कुठे ठेवला होता देव जाणे. फेकून देते." आणि ट्रे उचलून मागच्या दाराने निघून गेली. जाताना एकाने तिला "पोस्टातच बरी आहेस" म्हटलं, आणि ती हसली.

डल्सीने माझा हात धरून वर केला. "पुढच्या वर्षीचे गुरुवार नोलचे!" टाळ्या. क्लेम दारात उभा होता, धापा टाकत, चालत आला होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

सकाळी टेबलाशी बसलो. मी विचारलं, "कधीपासून?"

"सर्दीपासून," क्लेम म्हणाला. "तुला कॉफी जळलेली कळेना. दूध नासलेलं कळेना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तू मोज्यांवर गेलीस. गोळ्या काढून टाकल्या तर तू नव्या आणल्यास."

"आणि ट्रे?"

"पिप दोन करायची. तुझा मी शेडमागे पुरायचो."

म्हणजे त्या मेंढ्या माझ्या होत्या. मे महिन्यापासून ज्याच्यावर मी मान ताठ करून घरी येत होते, ते सगळं तिचं होतं.

मी म्हटलं, "तिलाच का सांगितलंस? साऱ्या गावात तीच सापडली?"

"डल्सीला सांगितलं असतं तर सांजेपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. पिप अजून कुणाच्या गोटातली नाही." मग बशीतले तुकडे गोळा करत म्हणाला, "गुरुवारी दुपारी तू गाणं गुणगुणतेस, नोल. बाकी आठवडाभर नाही. ते बंद झालं असतं."

मी भांडी घासायला उठले. खरं सांगायचं तर त्या दोघांचं काही असतं ना, तर मला सोपं गेलं असतं. तिचे केस उपटले असते, त्याला शेडमध्ये झोपवलं असतं. पण त्यांच्यातलं गुपित म्हणजे मी होते. माझ्याबद्दल माझ्या नवऱ्याला जे माहीत, ते तिला माहीत, आणि मलाच नाही. हे जास्त लागतं. अजून लागतंय.

रविवार, २९ ऑगस्ट

डल्सीकडे गेले. सांगितलं, पट्ट्या मी बदलल्या, घाण ट्रे माझा होता, गुरुवार पिपला दे.

डल्सीने मला मिठी मारली. "नोल, तू किती मोठ्या मनाची! तिची लाज राखायला स्वतःवर घेतेस. मी सगळ्यांना सांगणार आहे."

मी म्हटलं, "डल्सी, मूर्ख बाई, खरं सांगतेय." तिने डोळे पुसले.

तिथून पिपकडे. तिच्या ओट्यावर एक ट्रे अजून तसाच होता, फॉइल लावलेला, त्यावर कुणाचंच नाव नाही. माझ्यासाठी केलेला, क्लेम न्यायला आलाच नाही तो. सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, "तू का गिळलास तो घास? थुंकायचास."

"तू बघत होतीस," ती म्हणाली.

किती चीड आली मला तिची! चांगलं वागायलाही हिलाच जमावं.

"गुरुवार तू घे," मी म्हटलं.

"नको. मला डबे फोडता येतात, गोळे येत नाहीत. तुझे म्हणून जे खपायचे ना, त्यातले निम्मे तळाला चिकटलेले असायचे. क्लेम वरचे वरचे उचलायचा."

हे ऐकून बरं वाटलं. लपवणार नाही.

गुरुवार, २ सप्टेंबर

संघ अंतिम फेऱ्यांत गेला, म्हणून आजही जेवण होतं.

पिप दुपारी आली. कपाट उघडलं आणि खोकत अंगणात पळाली, डोळ्यांतून धारा. मी कपाटासमोर उभीच होते. मला फक्त फळ्या दिसत होत्या. क्लेमने सगळं बाहेर काढलं, मैदा, खोबरं, बेदाणे, सासूबाईंच्या वेळेपासून कधी रिकामं न झालेलं कपाट. फळ्या व्हिनेगरने पुसल्या. तिने तिच्याकडचा मैदा आणला.

गोळे मी वळले. पाक मी केला. झाकण किती वेळ ठेवायचं ते तिला माझ्याकडून विचारून घ्यावं लागलं, आणि ती मध्येच उघडायला गेली तेव्हा मी हातावर चापट मारली. मग झाकण काढलं, वाफ वर आली. क्लेम शेडमधून आत आला, नुसत्या वासाने. पिपने भांड्यावर वाकून डोळे मिटले.

"कसा येतोय वास?" मी विचारलं.

"थांब," ती म्हणाली. चमच्याने एक गोळा फोडला, फुंकर घातली, तोंडात ठेवला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सगळं तिच्या चेहऱ्यावर चाललं होतं.

"झालंय का?"

डोळे न उघडताच तिने दुसरा चमचा घेतला. आयुष्यात मला कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता. मी तिच्या पुढ्यात भांडं आणखी सरकवलं.